उबुंटूचे ‘मेन’ भांडार: प्रवेशाच्या छाननीनंतर काय?

उबुंटू या लिनक्स प्रणालीतील ‘मेन’ भांडारात सुमारे २३०० पॅकेजेस असून त्यांना कॅनॉनिकल कंपनीचे अधिकृत पाठबळ लाभते. ‘युनिव्हर्स’ भांडारात २३ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. त्यांची देखभाल प्रामुख्याने स्वयंसेवक करतात.

‘युनिव्हर्स’मधून ‘मेन’मध्ये प्रवेश देण्यापूर्वी पॅकेजची छाननी करण्यात येते. त्याच कामाचे दुसरे पॅकेज आधीच आहे काय, स्वयंचलित चाचण्या आहेत काय, पूर्वीच्या सुरक्षा त्रुटी किती तत्परतेने दूर झाल्या, हे तपासले जाते. संवेदनशील पॅकेजेस सुरक्षा पथकाकडे जातात. सर्वांत महत्त्वाची अट मात्र तांत्रिक नाही: पुढील देखभालीची जबाबदारी एखाद्या पथकाने स्वीकारलीच पाहिजे. ही अट योग्यच आहे; वाली नसलेले सॉफ्टवेअर कितीही उत्तम असले तरी कालांतराने धोकादायक ठरते.

तथापि ही जबाबदारी उबुंटूपुरती असते. मूळ प्रकल्प कोण चालवतो, हे नंतर बदलू शकते. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या ‘मेन’मधीलच पॅकेजच्या नव्या आवृत्त्यांत चोरदरवाजा आढळला. एकट्या, थकलेल्या स्वयंसेवकाचा विश्वास दोन वर्षांहून अधिक काळ संपादन करून सहदेखभालकर्ता बनलेल्याने तो घुसडला होता. तो उघड झाला कोणत्याही छाननीतून नव्हे. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद अधिक लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले, एवढेच. उबुंटूच्या प्रकाशित आवृत्तीत तो पोहोचला नाही, पण २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर लांबली आणि २६ फेब्रुवारीनंतर तयार झालेली पॅकेजेस नव्याने बांधावी लागली.