जपमाळ ऑन द गो

विरार लोकलमध्ये दोन्ही हात मोकळे असणं ही लक्झरी आहे, हे पश्चिम रेल्वेवाल्यांना मी सांगायला नको. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात मोबाइल. मग जपमाळ धरायची कुठल्या हातात? आमच्या वसईच्या बायकांनी यावर कधीच तोडगा काढलाय. बोटात घालायची जपमाळेची अंगठी! तिच्यावर दहा बारीक उंचवटे आणि एक छोटासा क्रूस. अंगठ्याने फिरवत राहायचं. चार्जिंग नको, अपडेट नको, पासवर्ड तर नकोच नको.

पण मंडळी, आपण पडलो अ‍ॅपच्या जमान्यातले. कॅब अ‍ॅपवर, डबा अ‍ॅपवर, लग्नाचं स्थळ अ‍ॅपवर, मग देवानेच काय घोडं मारलंय? गेले दोन महिने वसई ते अंधेरी आणि अंधेरी ते वसई या प्रवासात मी कॅथलिक प्रार्थनेची अ‍ॅप्स एकामागून एक वापरून पाहिली. तोच हा रिपोर्ट.

आधी थोडा बेसिक फंडा क्लीअर करू. 'तुमचं काय बाबा, फक्त संडेला चर्च!' हा डायलॉग मला जवळपास प्रत्येक ऑफिसात ऐकवला गेलाय. चूक, एकदम चूक! रविवारची मिस्सा ही फक्त कमीत कमी हजेरी. नेम पाळणाऱ्या घरात रोजचं वेळापत्रक भरगच्च असतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ आंजेलुसची छोटी प्रार्थना. त्यासाठी चर्चची घंटा वाजते. संध्याकाळी जपमाळ. शिवाय प्रत्येक तारखेला बायबलमधले ठरावीक उतारे असतात, आणि वसईत जे वाचलं जातं तेच त्या दिवशी ब्राझीलमध्येही. फादर आणि सिस्टर लोकांची तर दिवसाच्या प्रहरांनुसार स्तोत्रं ठरलेली. ती छापील घ्यायची तर जाडजूड खंडांचा संच घ्यावा लागतो. थोडक्यात, स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आमच्याकडे रिमाइंडर आणि डेली कंटेंट दोन्ही होतं. अ‍ॅपवाल्यांना फक्त स्क्रीन द्यायची होती.

ते जाडजूड खंड खिशात आणण्याचं काम 'आयब्रेव्हिअरी'ने केलं. पाओलो पाद्रिनी नावाच्या इटालियन फादरनी २००८ मध्ये ते आणलं. आयफोन बाजारात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे हा माणूस केवढा फास्ट! अ‍ॅप अगदी साधं, पांढऱ्यावर काळा मजकूर, उगाच नखरे नाहीत. पण ज्याला स्तोत्रांची सवय नाही त्याने थेट यात उडी मारू नये. पहिल्या दिवशी मीसुद्धा सकाळची प्रार्थना म्हणता म्हणता नायगावहून भाईंदरला पोहोचले आणि अजून निम्मी बाकी होती.

'लॉडेट' हे आपल्या किराणा दुकानासारखं. दिसायला अस्ताव्यस्त, पण मागाल ते मिळेल आणि फुकट. रोजची वाचनं, जपमाळ, क्रुसाची वाट, नोव्हेना, संतांची चरित्रं, सगळं एका छपराखाली. डिझाइन बघून नाक मुरडू नका. माझ्या ओळखीतल्या पन्नाशीपुढच्या काकूंमध्ये हेच हिट आहे.

नोकरदार माणसाला माझं पहिलं मत मात्र 'प्रे अ‍ॅज यू गो'ला. ब्रिटनमधल्या जेज्विट फादरांनी २००६ मध्ये हे सुरू केलं, तेव्हा ऑडिओ एमपीथ्री प्लेअरवर उतरवून घ्यावा लागायचा. नावातच सगळं आलं. दहा-बारा मिनिटांचा ऑडिओ, थोडं संगीत, त्या दिवसाचा बायबलचा उतारा, एक-दोन प्रश्न, आणि मधे चक्क शांतता. शांतता म्हणजे खरीच शांतता बरं का! पहिल्यांदा मला वाटलं नेटवर्क गेलं. मग ऑडिओ आपणहून संपतो. 'आता पुढचा एपिसोड', 'आता हेही ऐका' असली भुणभुण नाही. तुम्हाला मोकळं सोडणारं अ‍ॅप आजकाल बघायला मिळतं का?

यातच 'एक्झामेन' नावाचा प्रकार आहे, तो जरूर करून बघा. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेला हा रिवाज. रात्री झोपण्याआधी दिवसाची रीळ मागे फिरवायची. कुठे बरं वाटलं, कुठे कुणाशी तुसडेपणाने वागलो, उद्या काय करायचं? अप्रेझलच म्हणा ना, फक्त बॉस थोडा कनवाळू आहे. ख्रिस्ती नसलेल्या माझ्या दोन मैत्रिणी हे नियमित करतात आणि त्यांना कुणी अडवलेलं नाही.

आता येऊ सुपरस्टारकडे. 'हॅलो'! फोनवर म्हणतो ते हॅलो नव्हे, 'पवित्र करणे' या अर्थाचा इंग्रजी शब्द. २०१८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं हे अ‍ॅप. २०२४ मध्ये त्यांनी तिथल्या सुपर बोलच्या मॅचमध्ये जाहिरात केली आणि तीनच दिवसांनी राखेचा बुधवार आला, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. त्या आठवड्यात हे अ‍ॅप अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये चक्क एक नंबरला होतं. (त्या वर्षी राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला! कपाळावर राख, पोटात उपवास आणि हातात गुलाब. आमच्यातल्या कपल्सचे काय हाल झाले असतील ते विचारू नका.) हॅलोमध्ये मार्क वॉलबर्गसारखे हॉलिवूडचे आवाज आहेत, झोपताना ऐकायच्या बायबलच्या गोष्टी आहेत, सगळं कसं चकाचक. थोडं फुकट, बाकीसाठी सबस्क्रिप्शन. प्रॉडक्ट म्हणून सॉलिड, यात वादच नाही.

आणि इथेच माझी गाडी अडली. हॅलो तुमची 'स्ट्रीक' ठेवतं. सलग किती दिवस प्रार्थना केली, त्याचा आकडा. जिमच्या अ‍ॅपमध्ये असतो तसाच. पहिल्या आठवड्यात मजा आली. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पावणेबारा वाजता, डोळे मिटत असताना, निव्वळ आकडा तुटू नये म्हणून मी तीन मिनिटांची प्रार्थना लावली. ती कुणासाठी होती? देवासाठी तर खात्रीने नाही.

तुम्ही म्हणाल, जपमाळेतही मोजणंच आहे की! पाच दशकांचे मिळून पन्नास आणि सुरुवातीचे तीन, असे त्रेपन्न 'नमो मरिया', शिवाय सहा 'आमच्या स्वर्गीय बापा'. आकडेच आकडे. पण गंमत बघा. माळेत मणी मोजतात ते बोटांनी, डोकं मोकळं राहावं म्हणून. कितवा मणी चाललाय याची काळजी अंगठ्याने घ्यायची, मनाने त्या दिवसाच्या रहस्यात रमायचं. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. माळ संपली की हिशोबही संपला. काल म्हटली होती का, हे माळ विचारत नाही. अ‍ॅप विचारतं, आणि वर आगीचं चित्रही काढून दाखवतं.

व्हॅटिकनलाही मोजण्याचा मोह आवरला नाही म्हणा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पोपच्या प्रार्थना नेटवर्कने 'ई-रोझरी' आणली. मनगटात घालायची दहा मण्यांची माळ, क्रुसाची खूण केली की सुरू होणारी, 'क्लिक टू प्रे' या त्यांच्याच अ‍ॅपला जोडलेली. किंमत साधारण ११० डॉलर, आणि ती तुम्ही किती पावलं चाललात तेही सांगायची! 'क्लिक टू प्रे' हे अ‍ॅप मात्र छान आहे. सकाळ, दुपार, रात्र दोन-दोन ओळी, आणि महिन्याला पोपनी दिलेला एक हेतू. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१९ मध्ये त्यावर स्वतःचं प्रोफाइल उघडलं होतं. मिटिंग आणि मिटिंगच्या मधल्या दीड मिनिटासाठी बेस्ट.

एक इशारा. प्रार्थनेच्या अ‍ॅपमध्ये डायरी लिहायची सोय असते आणि माणूस देवासमोर लिहितो तेव्हा हातचं राखत नाही. आजारपण, नवऱ्याशी भांडण, कर्ज, सगळं येतं. २०२२ मध्ये मोझिलाने मानसिक आरोग्याची आणि प्रार्थनेची मिळून ३२ अ‍ॅप्स तपासली, तर बहुतेकांना प्रायव्हसीच्या बाबतीत धोक्याचं लेबल लावावं लागलं. तेव्हा ऐका, वाचा, पण कबुलीजबाब टाइप करू नका. त्यासाठी फादर आहेत, आणि ते सर्व्हर ठेवत नाहीत! २०११ मध्ये अमेरिकेत पापनिवेदनाच्या तयारीचं एक अ‍ॅप आलं तेव्हा व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना मुद्दाम सांगावं लागलं होतं की तयारी फोनवर ठीक, निवेदन मात्र समोरासमोरच.

आता माझी खरी तक्रार. या दोन महिन्यांत मी जितकी मोठी अ‍ॅप्स वापरली त्यातल्या एकातही मला मराठी सापडली नाही. इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, सगळ्यांची सोय आहे. व्हॅटिकन न्यूजवर हिंदी, तमिळ, मल्याळम आहे, २०२४ मध्ये कन्नडही आलं. आणि आपण? ख्रिस्ती भक्ती मराठीत बोलायला लागून चारशे वर्षं उलटली हो! थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेज्विटाने गोव्यात बसून 'ख्रिस्तपुराण' रचलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, ते १६१६ मध्ये छापलंही गेलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' कपाटात आहे. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते तेच दिब्रिटो, २०२४ मध्ये ते गेले. वसईत 'सुवार्ता' मासिक आहे. माल भरपूर आहे, फक्त शोरूम नाही.

यात एवढं काय मोठं, असं वाटेल. इंग्रजीत म्हटली तर देवाला कळत नाही का? देवाला कळतं. आजीला कळत नाही.

माझा चुलतभाऊ बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. नेमाचा पक्का, रोज सकाळी धावताना कानात अमेरिकन आवाजात रोझरी. गेल्या वर्षी आजीने अंथरूण धरलं तेव्हा तो रजा टाकून आला. संध्याकाळी सगळे तिच्या खाटेभोवती बसलो आणि दुसरं दशक सांगायची पाळी त्याच्यावर आली. 'नमो मरिया' जोरात सुरू केलं आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दाला थांबला. लहानपणी मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी हाच पोरगा सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायचा. अर्थात नंतर वाटल्या जाणाऱ्या उकडलेल्या चण्यांवर डोळा ठेवून! वर्षानुवर्षं कानात एकच भाषा पडली आणि दुसरी आतल्या आत झिजली. आजी मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, 'म्हण रे बाळा, मी आहे मागे.' मग ती म्हणत गेली आणि तो तिच्या मागून ओठ हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने काय केलं असेल? फोन तिच्या उशाशी ठेवला आणि पाचही दशकं रेकॉर्ड करून घेतली. आज आमच्या खानदानातल्या बारा फोनवर ती फाइल आहे. एक फोन दुबईत, एक कॅनडात. एकवीस मिनिटं, वसई ते बोरिवलीत आरामात बसतं. प्रत्येक प्रार्थनेचा पहिला भाग आजी म्हणते आणि उत्तराला थांबते, म्हणजे आपल्याला म्हणावंच लागतं, नुसतं ऐकून सुटका नाही. एवढी इंटरअ‍ॅक्टिव्ह सोय मला विकतच्या अ‍ॅपमध्येही मिळाली नाही.

तुमच्याकडे कुणी म्हणणारं असेल तर या रविवारीच करून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच क्रेडिट कार्डवाल्यांचा कॉल येतो. फोन आवाजापासून हातभर लांब ठेवा, उशीच्या अगदी जवळ नको, श्वास फार येतो. पंखा बंद करा. एका फाइलऐवजी दशकागणिक पाच फाइल्स केल्यात तर लोकलमध्ये सोपं पडतं. आणि एडिटिंग करत बसू नका. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या दशकात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि त्यावर आजीचा 'अगं, गॅस बारीक कर' असा स्पष्ट आवाज. लगेच पुढचा 'नमो मरिया', एकही मणी न चुकता.