गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन: 'इंपोर्टेड' स्क्रू महत्त्वाचा की त्याची जागा?

कबड्डीत पकड सोडवताना पाय अडकतो, गुडघा पिळतो आणि एमआरआयमध्ये कळतं: एसीएल तुटलं. मग शेंदूरजनाघाट असो की वरुड, घरच्यांची धावपळ अमरावती नाहीतर नागपूरकडे सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्क्रू इंपोर्टेड टाकायचा का?" पण या शस्त्रक्रियेचं यश ब्रँडपेक्षा हाडात बोगदा कुठे पाडला, यावर जास्त अवलंबून असतं.

एसीएल म्हणजे काय?

मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारी ही साधारण ३ सेंटीमीटर लांबीची पट्टी. ती नडगी पुढे सरकू देत नाही. पूर्ण तुटली तर सहसा आपोआप जुळत नाही. म्हणून रुग्णाच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा काढून नवी पट्टी तयार करतात. दुर्बिणीतून दोन्ही हाडांत बोगदे पाडून ती ओवतात. मांडीच्या बाजूला बहुधा टायटॅनियमचं छोटं बटण आणि नडगीच्या बाजूला स्क्रू लावतात.

संत्र्याच्या कलमासारखंच

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. वरची पट्टी डोळ्याला फक्त धरून ठेवते, जीव धरतो तो डोळा. इथेही स्क्रू आणि बटण नव्या कंडरेला सुरुवातीचे काही आठवडे धरून ठेवतात. पुढे ती हाडात रुजते. बांधणी पक्की हवीच, पण जागा चुकली तर नुसत्या बांधणीने भागत नाही.

जागा चुकली तर काय होतं?

• मांडीच्या हाडातला बोगदा फार पुढे गेला, तर गुडघा वाकवताना कंडरा ताणली जाते. गुडघा पुरता वाकत नाही किंवा कंडरा सैल पडते.
• कंडरा फार उभी बसली, तर सरळ चालताना ठीक वाटतं, पण वळताना गुडघा निसटतो.
• नडगीतला बोगदा फार पुढे असला, तर कंडरा हाडाला घासते आणि पाय पूर्ण सरळ होत नाही.
• बटण हाडाला न टेकता मांसात अडकलं, तर नंतर सरकून कंडरा सैल होऊ शकते.

हा सगळा फरक काही मिलिमीटरचा असतो. अमेरिकेतल्या 'मार्स' गटाने २०१० मध्ये दुसऱ्यांदा एसीएल शस्त्रक्रिया झालेल्या ४६० रुग्णांची माहिती मांडली. त्यातल्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत डॉक्टरांनी निव्वळ तांत्रिक कारण नोंदवलं. तांत्रिक चुकांत सर्वाधिक आढळला तो मांडीच्या हाडातला चुकलेला बोगदा.

खेळाडू परत उभा राहतो का?

राहतो. कुस्तीपटू विनेश फोगाटच्या गुडघ्यावर १७ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईत शस्त्रक्रिया झाली. वर्षभरात तिने पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. (वजनामुळे ती अपात्र ठरली, तो भाग वेगळा.) मात्र व्यायाम अर्धवट सोडून किंवा साधारण ९ महिन्यांच्या आत मैदानात उतरल्यास पुन्हा दुखापतीचा धोका वाढतो.

डॉक्टरांना काय विचाराल?

• अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही करता?
• ऑपरेशननंतर एक्स-रे काढून बोगदे आणि बटणाची जागा दाखवाल का?
• इम्प्लांटचं स्टिकर फाइलला लावाल का?
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत इथे हे ऑपरेशन होतं का? (हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रालाही विचारता येतं.)

कर्ज काढून महागडा स्क्रू घेण्याआधी हे चार प्रश्न विचारा. त्यांना पैसे लागत नाहीत.