पटावरचा एकतिसावा विद्यार्थी

चिखली तालुक्यातील खेड्यांतून सकाळी शहराच्या दिशेने निघणाऱ्या शाळांच्या गाड्या आता सर्वांच्याच परिचयाच्या झाल्या आहेत. सोयाबीन-कपाशीच्या भावाची शाश्वती नसतानाही शेतकरी पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी माध्यमाचे शुल्क भरतो. त्याला दोष देता येणार नाही. परंतु त्याच्या मुलाने सोडलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे पुढे काय होते, याचा विचार समाजाने करावयास हवा.

समग्र शिक्षा योजनेतील वार्षिक संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरते. ३१ ते १०० पटाच्या शाळेस २५ हजार रुपये, तर ३० वा त्याहून कमी पटाच्या शाळेस १० हजार. म्हणजे एकतिसावा विद्यार्थी गेला की १५ हजार रुपयेही गेले! पट घटला म्हणून छप्पर कमी गळत नाही, की विजेचे देयक माफ होत नाही. महिन्याकाठी उरलेल्या सव्वाआठशे रुपयांत मुख्याध्यापकाने वीज, पाणी, स्वच्छता आणि दुरुस्ती भागवावयाची.

मागे राहतात ती शेतमजुरांची, भटक्या-विमुक्तांची मुले. ज्याला गरज अधिक, त्याच्याच ताटात कमी वाढण्याची ही रीत आहे. मुलेच नाहीत तर पैसा कशाला, असे विचारणाऱ्यांनी हेही पाहावे की, पैसा नाही म्हणून शाळा खालावते आणि शाळा खालावते म्हणून मुले जातात.

रयतेच्या घामातून आलेला महसूल रयतेच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, ही मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९६६ च्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची आणि सर्व थरांतील मुले एकत्र शिकतील अशा परिसर शाळांची शिफारस केली. त्या शिफारशी आजही कागदावरच आहेत.

प्रत्येक शाळेस पटनिरपेक्ष किमान अनुदान हवे. पटानुसार द्यावयाचे ते त्यावर द्यावे. शासनाचे कर्तव्य एवढे स्पष्ट आहे. समाजाचेही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे हिशेब विचारणारा, शासनदरबारी पाठपुरावा करणारा सुशिक्षित पालकच आज गावच्या शाळेतून निघून गेला आहे. तो परतला, तर पटावर एक नाव वाढेल आणि उरलेल्या तीस मुलांना वाली मिळेल.