उघडलेलीं दारें

एकाच वेळीं आठ विषयांचें अवधान राखणाऱ्या अष्टावधानी विद्वानांचें आपल्याकडे फार कौतुक होत आलें आहे. परंतु त्यांच्या कौशल्याचें मर्म आठ गोष्टी सुरू करण्यांत नसून, प्रत्येक गोष्ट कोठें सोडली याचें स्मरण ठेवून ती शेवटास नेण्यांत असतें. आज सुशिक्षित घरांतील कित्येक मुलगे, मुली व सुना संगणकांच्या जाळ्याची देखरेख करतात. त्यांच्या कामासही हाच गुण लागतो, हें आम्हीं या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

१९९० नंतरच्या दशकांत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरणारे लोक ज्या यंत्राच्या दारीं प्रथम येत, त्यास नेटवर्क ॲक्सेस सर्व्हर म्हणत. सिस्को कंपनीच्या २५११ या यंत्रास अशा १६ जोडण्या असत. त्यांवर मोडेम लावीत, किंवा राउटर जोडून एकाच जागेवरून सर्वांची व्यवस्था पाहत. टेलिफोनची ती पद्धत आतां बहुतेक मागें पडली आहे. परंतु एका यंत्रांतून अनेक यंत्रांची खबर घेण्याची रीत अद्याप चालू आहे.

रीत सोपी आहे. एका यंत्राशीं काम चालू असतां कंट्रोल, शिफ्ट व ६ या कळा एकदम दाबून सोडाव्या व मग एक्स दाबावा. म्हणजे तें सेशन तसेंच राहून आपण मूळ सर्व्हरवर परततों व तेथून दुसरें सेशन उघडतां येतें. ‘शो सेशन्स’ या आज्ञेनें सर्व उघडीं सेशनें क्रमवार दिसतात. ‘रिझ्यूम २’ म्हटल्यानें दुसऱ्यांत जातां येतें. ‘डिस्कनेक्ट २’ म्हटल्यानें तें बंद होतें.

मात्र सोय जेथें, धोकाही तेथेंच. रिकाम्या ओळीवर नुसतें एंटर दाबलें, तरी शेवटचें सेशन पुनः पुढें येतें. तें लक्षांत न येतां ‘रीलोड’ लिहून होकार दिला, तर भलतेंच यंत्र बंद होऊन नव्यानें सुरू होऊं लागतें व तोंवर त्यावर विसंबलेलें सारें कार्यालय खोळंबतें. म्हणून ओळीच्या आरंभीं दिसणारें यंत्राचें नांव वाचल्यावांचून आज्ञा देऊं नये.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. दहा मिनिटें कांहीं न लिहिल्यास सर्व्हर आपणांस आपोआप बाहेर काढतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. एखादें सेशन बाजूस ठेवलेलें असेल, तर सर्व्हर बाहेर काढण्याऐवजीं आपणांस त्याच सेशनांत परत नेतो. आणि सेशनाची स्वतंत्र कालमर्यादा मुद्दाम घातल्याशिवाय लागू होत नाहीं. मग ज्यानें परवलीचा शब्द दिला तो घरीं जातो, आणि यंत्र त्याच्या खुर्चीवर बसेल त्याच्या हातीं पडतें.

रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळी प्रत्येक दाराची कडी हातानें चाचपून पाहतात. त्याचप्रमाणें जागा सोडण्यापूर्वीं ‘शो सेशन्स’ची यादी वाचावी, एकेक सेशन मिटवावें व सर्वांच्या शेवटीं स्वतः बाहेर पडावें. नव्या विद्येंत वेग शिकविणारे पुष्कळ भेटतात. आवराआवरीची शिस्त मात्र मनुष्यास बहुधा घरांतूनच न्यावी लागते.