कोर्लईचे चॅपेल कोणाचे?

१/ कोर्लईच्या गडावर छप्पर हरवलेले एक लहानसे चॅपेल आहे. गडकोटांच्या चित्रफितींत ते क्षणभर झळकते आणि त्यावर शिक्का बसतो : ‘पोर्तुगीज अवशेष’. या दोन शब्दांत इतिहास थोडा आणि आळस फार आहे.

२/ आधी कालगणना. रायगड जिल्ह्यात, कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोरचा हा डोंगर पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. १७४० च्या तहाने चौलसह तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगिजांचा अंमल १४६ वर्षे टिकला. ते गेल्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ लोटला आहे.

३/ अधिकारी गेले, फौज गेली. ज्यांना गोवा गाठणे परवडणारे नव्हते, ती गरीब ख्रिस्ती रयत मात्र मागे राहिली. गडाच्या पायथ्याच्या गावात त्यांचे वंशज आजही नांदतात. राजा बदलला, तरी त्यांची उपासना चालू राहिली.

४/ ते आपल्या बोलीला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज. वाक्याची घडण मात्र मराठीच्या सहवासाने पालटलेली, क्रियापद शेवटी ठेवणारी. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी ती सविस्तर अभ्यासली आहे. जिच्या व्याकरणात मराठी मुरली, तिला परकी म्हणावे कसे?

५/ शेगावात हा घोळ कोणी घालत नाही. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रथम दृष्टीस पडले, ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झाले. पण शेगावचा इतिहास तिथे थांबला असे कोणता वारकरी मानेल? पंढरीला पायी निघणारी पालखी हाही तोच इतिहास. देवस्थानाचे वय दगडांवरून नव्हे, त्याला धरून राहिलेल्या माणसांवरून मोजावे. मग कोर्लईलाच वेगळे माप का?

६/ आक्षेप ठरलेला आहे : गोव्यातील इन्क्विझिशनचे काय? ते १५६० मध्ये सुरू झाले आणि, मधला अल्प खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले. तो जुलूम नाकारणे अप्रामाणिकपणाचे. परंतु त्याचा हिशेब सत्तेकडे मागावा. त्या सत्तेने मागे सोडून दिलेल्या गरिबांच्या नातवंडांकडे नव्हे.

७/ उलट टोकाची हौसही तितकीच पोकळ. कोर्लईला ‘कोकणातले छोटे पोर्तुगाल’ म्हणून मिरवणारे त्या गावाचे मराठीपण पुसून टाकतात. एक पक्ष त्याला हाकलतो, दुसरा त्याला शोभेची वस्तू करतो. गावाला मात्र कोणीच काही विचारत नाही.

८/ ही बोली बोलणारे आज जेमतेम हजारभर. शाळा मराठीची, बाजार मराठीचा. बोलीचा पैस आक्रसतो आहे. चॅपेलची भिंत आणखी काही पावसाळे तग धरेल. घरातली भाषा एकदा मुकी झाली, की तिची डागडुजी कोणत्याही पुरातत्त्व खात्याला जमणार नाही. गडावर जाणाऱ्याने तोफा अवश्य मोजाव्यात. पण उतरताना गावात थांबून ती बोली ऐकावी. चॅपेल कोणाचे, याचे उत्तर तिथे मिळेल.