खुणेपर्यंतच पाणी

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये एक प्रयोग ठरलेला असतो. ऑक्झॅलिक ॲसिडचं किंवा मोहर सॉल्टचं नेमक्या तीव्रतेचं द्रावण तयार करायचं आणि त्याच्या आधारे पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाची तीव्रता शोधायची. (पुस्तकात तीव्रतेला ‘संहती’ म्हणतात.) वजन करून हे प्रमाण द्रावण विद्यार्थ्यानेच बनवावं, असं सीबीएसईच्या अभ्यासक्रमात स्पष्ट म्हटलं आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी ते आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बाटलीतून मिळतं आणि रीडिंग शेजाऱ्याच्या जर्नलमधून! ‘प्रॅक्टिकलचे मार्क काय, मिळतातच,’ असं आपण पालकही म्हणून मोकळे होतो.

गणित अवघड नाही. ऑक्झॅलिक ॲसिडचे १२६ ग्रॅम स्फटिक विरघळवून बरोबर एक लिटर द्रावण केलं, तर ते एक मोलर. दशांश मोलर द्रावण २५० मिलिलिटर हवं असेल, तर ३.१५ ग्रॅम पुरे. फसगत होते ती त्या १२६ मध्ये. ॲसिडचं स्वतःचं वजन ९०. उरलेले ३६ हे स्फटिकात अडकलेल्या पाण्याचे. ते पाणी विसरून हिशेब केला, तर २.२५ ग्रॅमच घेतले जातात आणि सगळा प्रयोग पाऊण हिश्श्यापेक्षाही कमी तीव्रतेवर चालतो.

मग ऑक्झॅलिक ॲसिडच का? कॉस्टिक सोडा का नाही? कारण तराजूवर ठेवल्या ठेवल्या कॉस्टिक सोडा हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊ लागतो. वजन त्याचं किती आणि ओलीचं किती, कोण सांगणार? ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक शुद्ध मिळतात आणि तराजूवर मुकाट्याने बसतात. परमँगनेटही थेट वजन करून भरवशाचं होत नाही. म्हणून तर त्याची तीव्रता दुसऱ्याच्या साक्षीने काढावी लागते.

आता खरी गंमत. २५० मिलिलिटर पाणी मोजून त्यात ३.१५ ग्रॅम टाकायचे, असं मुलांना वाटतं. तसं नाही. पाणी किती घातलं याला महत्त्व नाही; शेवटी द्रावण किती झालं, याला आहे. म्हणून स्फटिक बीकरमध्ये थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचे, काचेच्या कांडीच्या आधाराने नरसाळ्यातून फ्लास्कमध्ये ओतायचे, बीकर, कांडी आणि नरसाळं दोन-तीनदा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्यायचं. कणसुद्धा बाहेर राहता कामा नये. मग मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी, शेवटी थेंबाथेंबाने. पाण्याच्या वक्र पातळीचा तळ खुणेला टेकला पाहिजे, आणि डोळा त्या रेषेत हवा. वरून वाकून पाहिलं की फसलं. फ्लास्कची मान चिंचोळी असते ती यासाठीच. बीकरमध्ये चार थेंब जास्त झाले तर कळतही नाहीत, मानेत लगेच दिसतात.

पाणी खुणेच्या वर गेलं तर? काहीजण ड्रॉपरने वरचं काढून टाकतात. पण बाहेर येतं ते नुसतं पाणी नसतं, त्याबरोबर ॲसिडही येतं. आत उरलेलं द्रावण पातळ ते पातळच. ते ओतून द्यायचं आणि पुन्हा वजन करायचं, याला दुसरा इलाज नाही.

तोंडी परीक्षेत हमखास विचारावा असा प्रश्न : फ्लास्क आतून ओला असला तर चालतो, मग ब्युरेट का चालत नाही? फ्लास्कमध्ये नाहीतरी आपण पाणीच घालणार असतो. ब्युरेटमध्ये मात्र तयार द्रावण जातं, आतलं पाणी ते पातळ करतं. म्हणून ब्युरेट त्याच द्रावणाने खळबळून घ्यायची. याचं उत्तर ज्या मुलाला देता आलं, त्याला प्रयोग समजला असं खुशाल समजावं.

प्रयोगशाळेत चूक झाली तर फार तर दोन मार्क जातील. हेच मोजमाप १९७१ मध्ये जिवाशी येऊन भिडलं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात कोरडी मिश्रणं वजन करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून घेतली : एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. छावणीत ती पाण्यात मिसळून रुग्णांना पाजण्यात आली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. आतड्यात ग्लुकोज आपल्याबरोबर मीठ आणि पाणी आत ओढून घेतं, पण त्यासाठी दोघांचं प्रमाण जमावं लागतं. पुढे २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे द्रावण आणखी सौम्य केलं. आता एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट.

आपल्या घरातलं जलसंजीवनीचं पाकीट ते हेच. इथे एक-दोन चमचे पाणी इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही. पण लिटरभराचं पाकीट पेलाभर पाण्यात ओतलं, तर जुलाब वाढू शकतात आणि लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. अर्धं पाकीट अंदाजाने काढणंही नको, कारण भुकटीतले घटक पिशवीत सारखे पसरलेले असतीलच असं नाही. पाकीट २०० मिलिलिटरचं की एक लिटरचं, हे त्यावर छापलेलं असतं. तेवढं पिण्याचं पाणी मोजून घ्यावं, सगळं पाकीट त्यात रिकामं करावं, वरून साखर घालू नये आणि चोवीस तासांनंतर उरेल ते ओतून द्यावं.