सिद्ध कोणी करायचे?

'साहेब, माल आमचा गेला आणि पैसे आले नाहीत. मग यात चोर कोण?' माझ्या वडिलांनी ठाण्यातल्या अंमलदाराला हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्या मागे चेकची झेरॉक्स घेऊन उभा होतो. अंमलदाराने वर न पाहताच सांगितले, 'ही दिवाणी बाब आहे काका. कोर्टात जा.' वडील बाहेर आले. बाकावर बसून त्यांनी टोपी काढली आणि मला विचारले, 'तू कॉलेजात जातोस ना? दिवाणी म्हणजे काय रे?'

मी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध, उत्प्रेषण आणि अधिकारपृच्छा ही पाचही आज्ञापत्रे मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतात. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. ती लाज अजून गेलेली नाही, आणि या लेखाचे कारणही तीच आहे.

हकीकत साधी आहे. निफाड, दिंडोरीकडच्या घराघरांत ती थोड्याफार फरकाने सापडेल. मार्च २०२३ मध्ये आमच्या बागेतली द्राक्षे एका व्यापाऱ्याने शिवारातच तोलून नेली. विसार म्हणून थोडी रक्कम हातावर ठेवली, बाकीचा चेक दिला आणि 'मी सांगेन तेव्हाच भरा' असे म्हणून तो गेला. वडिलांनी चेक देव्हाऱ्याजवळच्या डब्यात ठेवला. व्यापाऱ्याचा निरोप काही आला नाही. आम्ही चेक बँकेत नेला तेव्हा त्यावरच्या तारखेला तीन महिने उलटून गेले होते. बँकेने तो घेतलाच नाही.

त्या तीन महिन्यांत आम्ही काय गमावले ते मला पुढे वकिलांकडून कळले. मुदतीत भरलेला चेक शिल्लक नाही म्हणून परत आला असता, तर आम्ही तीस दिवसांत लेखी नोटीस देऊ शकलो असतो. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करता आली असती. आणि त्या तक्रारीत न्यायालयाने आधी असे गृहीत धरले असते की, हा चेक देण्यापोटीच दिलेला आहे. तसे नाही हे दाखवण्याचे काम व्यापाऱ्यावर पडले असते. आता ते काम आमच्यावर आहे. किती किलो माल गेला, कोणत्या भावाने गेला, किती बाकी राहिली, सगळे आम्ही सिद्ध करायचे. आणि आमच्या काट्याच्या पावत्यांवर त्याची सही नाही.

अंमलदाराचे उत्तर उद्धट वाटले तरी ते सर्वस्वी चुकीचे नव्हते, हेही मला उशिराच समजले. पैसे बुडवणे आणि फसवणूक करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यवहार करतानाच पैसे द्यायचे नाहीत असे ज्याने मनात धरले, त्याने फसवणूक केली. तो जुन्या दंड संहितेच्या ४२० कलमाखाली येत असे. १ जुलै २०२४ पासूनच्या अशा व्यवहारांना भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम लागते. ज्याने देण्याच्या इराद्याने माल घेतला आणि पुढे धंदा बुडाल्यामुळे दिले नाहीत, तो नुसता ऋणको. त्याच्यावर दावा लावायचा. मनातला इरादा सिद्ध कसा करायचा? त्याच व्यापाऱ्याने त्याच हंगामात त्याच पद्धतीने आमच्या शिवारातल्या आणखी तिघांचे पैसे बुडवले होते. चौघे एकत्र गेले असते तर इराद्याबद्दल काही बोलता आले असते. चौघे चार दिवशी गेले आणि चौघांनाही तेच उत्तर मिळाले.

मित्रहो, खरे कोणाचे आणि खोटे कोणाचे एवढेच न्यायालय पाहते, अशी आपली समजूत असते. ते पाहतेच; पण त्याआधी सिद्ध कोणी करायचे आणि किती पक्के सिद्ध करायचे, हे ते ठरवते. फौजदारी खटल्यात सरकारने वाजवी संशयाला जागा न ठेवता गुन्हा शाबीत करायचा असतो. दिवाणी दाव्यात ज्याची बाजू अधिक संभवनीय, त्याचे पारडे जड. ही दोन मापे ज्याला कळली त्याला कायद्याच्या निम्म्या शाखांचे दार उघडले, असे माझे मत आहे. जमिनीच्या कायद्यातसुद्धा हेच आहे. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की, असे आपल्याकडे सर्रास समजतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १५७ वे कलम एवढेच म्हणते की, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. 'उलट सिद्ध होईपर्यंत' या तीन शब्दांवर कितीतरी भाऊबंदांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

पण हा प्रश्न केवळ पैशाअडक्याचा आणि बांधाचा नाही. आपल्या पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांचे ते नेतृत्व शाळेच्या पुस्तकात असते. त्याच प्रकारचा एक वाद त्याआधीच महाडला न्यायालयात गेला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. चवदार तळ्यावरच्या मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर तिथल्या काही सवर्णांनी डिसेंबरमध्ये दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. डॉ. आंबेडकर त्या दाव्यात प्रतिवादी होते. परिषदेला हजारो माणसे जमली होती, तरीही त्या हुकुमामुळे त्यांनी तळ्यावरचा दुसरा सत्याग्रह पुढे ढकलला. मनाईहुकूम म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे ते वकील असल्याने जाणत होते. जमलेल्या लोकांना ते समजावून सांगणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करावी.

दावा दहा वर्षे चालला. वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घेऊ नये अशी पूर्वापार वहिवाट आहे. मग ती वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध कोणी करायचे? अर्थातच जो तिचा आधार घेतो त्याने. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला, की अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही. डॉ. आंबेडकर जिंकले. पण त्या निकालाचा अर्थ नीट पाहावा. अस्पृश्यता पाप आहे म्हणून वादी हरले नाहीत. त्यांना वहिवाटीचे प्राचीनत्व शाबीत करता आले नाही म्हणून ते हरले. समजा त्यांनी जुने कागद आणून ते शाबीत केले असते तर? या प्रश्नाने मी एक रात्र जागून काढली आहे. काळारामाच्या दारी तर असा निकालही आला नाही. तिथला सत्याग्रह १९३४ मध्ये थांबवावा लागला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले.

घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली हे आपण परीक्षेत लिहितो आणि दोन गुण मिळवतो. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते १९५५ च्या कायद्याचे, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाचे, १२ वे कलम. या कायद्याखालचा गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नव्हते हे आरोपीने दाखवावे. 'जात पाहून नव्हे, गर्दी होती म्हणून अडवले' असे सांगून सुटण्याची वाट त्याने बरीच अरुंद केली. एवढ्याशा कलमाने सिद्ध करण्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ठेवले.

विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा जो खटला मथुरा खटला म्हणून प्रसिद्ध आहे, त्यातही हाच पेच होता. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून संमती नव्हती हे सिद्ध होत नाही असा तो तर्क. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात त्या मुलीने प्रतिकार कसा करायचा होता? उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खुले पत्र लिहिले. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये पुराव्याच्या कायद्यात नवे कलम आले : कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरायचे. प्राध्यापक मंडळींनी हे पत्र अवश्य मिळवून वाचावे आणि आम्हालाही वाचायला द्यावे.

येथे कोणी म्हणेल, मग सगळीकडेच ओझे आरोपीवर टाकावे. मला ते मान्य नाही. उद्या वसतिगृहातल्या एखाद्या पोराला संशयावरून उचलले, तर 'मी निर्दोष आहे' हे त्याने सिद्ध करायचे का? दुबळा कोण आणि पुरावा कोणाच्या ताब्यात, हे पाहूनच ओझे हलवावे. यावर वर्गात भांडायला मला आवडेल. पण भांडायचे तर विषय तासाला यावा लागतो. आपल्याकडे कायदा येतो तो वर्षातून एकदा, हारतुरे आणि चहासकट, पाहुण्यांच्या व्याख्यानातून. त्याऐवजी आठवड्याचा एक तास द्यावा. निवडणुकीची, शाळासोडतीच्या दाखल्याची, भाडेचिठ्ठीची, सातबाऱ्याची खरी कागदपत्रे टेबलावर ठेवून तो घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नाशिकमध्येच आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आमच्या वर्गात चाळीस मुले आहेत. मी विचारले तेव्हा हे दोघांना माहीत होते.

आमचा दावा मुदतीत बसला, एवढे नशीब. असे दावे तीन वर्षांच्या आत लावावे लागतात. आता तारखा चालू आहेत. या हंगामात व्यापारी बागेत आला तेव्हा वडिलांनी काट्याच्या पावतीवर सही मागितली. तो हसला. 'काका, विश्वास नाही का आमच्यावर?' म्हणाला आणि शेजारच्या बागेत गेला. माल तीन दिवस वेलीवर राहिला. आई काही बोलली नाही, पण तिची नजर आभाळाकडे होती. चौथ्या दिवशी दुसरा आला. त्याने किलोमागे दोन रुपये कमी दिले आणि प्रत्येक पावतीवर सही केली.